माडावरची डिश

माझ्या बायकोनं, शेवंतीनं, आणि मी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे हीर काढणं. पडवीत समोरासमोर बसलो होतो, मधे ओल्या झावळ्यांचा ढीग. मी पाती ओरबाडून तिच्याकडं टाकायचो, ती विळ्यानं पातं सोलून मधली काडी, म्हणजे हीर, बाजूला ठेवायची. खराटे बांधायचे होते. हे काम आम्ही जन्मभर केलं, त्यामुळं लक्ष देऊन करायचं काही कारण नव्हतं. ती बोलत होती, मी हूं हूं करत होतो. काय काय बोलली ते आता कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. एवढं आठवतं, की ती म्हणाली, "सकाळी आधी ती डिश सरळ करून टाकू. पोरांचं गणित बुडंल न्हायतर." मी म्हटलं, "करू."

झावळ्या मी त्याच दिवशी उतरवल्या होत्या. आमची वाडी शाळेच्या कुंपणाला लागून. वाडीत एक जुना उंच माड आहे, आणि त्या माडावर शाळेच्या इंटरनेटची डिश बांधलेली आहे. डिशच्या तोंडावर झावळ्या लोंबायला लागल्या की नेट अडतं, म्हणून त्या तोडाव्या लागतात. त्या दिवशी तोडताना एक जड झावळी डिशवरच आपटली आणि डिश फिरली. तोवर शाळा सुटली होती. खोलीला कुलूप. आत बघून सांगायला कोणी नसलं तर वर बसून काही उपयोग नाही. म्हणून सकाळवर टाकलं. ती सकाळ शेवंतीला पुरी मिळाली नाही. ते पुढं सांगतो.

शाळेच्या मोरेबाई म्हणाल्या, "नथूकाका, यंदाच्या दिवाळी अंकात शाळेत संगणक आणि इंटरनेट कसं आलं ते तुम्ही लिहा." मी म्हटलं, "बाई, मी चौथी शिकलोय. संगणकाला मी कधी बोट लावलं न्हाय." त्या म्हणाल्या, "म्हणूनच लिहा. बाकीचे काय लिहिणार ते मला माहीत आहे." तेव्हा लिहितोय. माझा धंदा माडावर चढून नारळ पाडायचा. जे लिहीन ते झाडावरनंच लिहीन.

संगणक आले तेव्हा अलिबागेहून टेम्पो आला होता. सगळा गाव शाळेत. खोके उतरवताना हेडमास्तर "सावकाश, सावकाश" असं ओरडत होते, जसं काही आत तान्ही पोरं आहेत. बायकांनी हळदीकुंकू लावलं, दारात नारळ फोडला. नारळ माझाच. मग खोलीला कुलूप लागलं. चपला बाहेर, हात धुऊन आत, आणि आठवड्यातनं एकदा रांगेनं. पोरं आत जायची, आपापलं नाव छापायची आणि बाहेर यायची. देवळात जाऊन घंटा वाजवून यावं तसं. शेवंती तेव्हा शाळेत खिचडी शिजवायला होती. तिनं जुन्या लुगड्यांचे अभ्रे शिवून दिले, ते घालून संगणक झाकून ठेवायचे. खंडेनवमीला आम्ही कोयते, विळे पुजतो, तसे संगणकही पुजले. झेंडू वाहिला, समोर पेढे ठेवले. हेडमास्तरांनी प्रसाद हलवायला मनाई केली, दसऱ्यानंतर हलवू म्हणाले. सुट्टी संपून खोली उघडली तर मुंग्यांची रांग एका डब्याच्या मागच्या जाळीतनं आत गेलेली. तो डबा पुन्हा चालू झाला नाही. तरी पुढच्या वर्षीही पूजा झाली, फक्त पेढे बाहेर ठेवले.

अशी कितीतरी वर्षं गेली. हेडमास्तर बदलले, मोरेबाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते लुगड्यांचे अभ्रे काढून शेवंतीच्या हातात दिले. म्हणाल्या, "मावशी, याची पायपुसणी करा. झाकून ठेवायला आणलेत का हे?" शेवंतीला आधी राग आला. घरी येऊन मला म्हणाली, "बाई फटकळ हाय. पण खरं बोलली."

बाईंना इंटरनेट पाहिजे होतं. त्यांनी बोर्ली पंचतनहून केबलवाल्याला बोलावलं. दिलीप त्याचं नाव. त्यानं शाळेच्या गच्चीवर उभं राहून चारी बाजूंना पाहिलं. पाहतो काय, तर सगळीकडे माड आणि सुपारी. तो म्हणाला, "माझा मनोरा बोर्लीच्या टेकडीवर. तिथनं इथपर्यंत सरळ नजर पोचली तर नेट पोचंल. मधे पान आडवं आलं तरी अडंल. इथं लोखंडी मनोरा उभारा, झाडांच्या वर जाईल एवढा." ग्रामपंचायतीनं हात वर केले. शिवाय आमच्याकडं लोखंड टिकत नाही. खारं वारं खिडकीचे गज खातं, तिथं मनोरा किती दिवस उभा राहणार?

शेवंती खिचडीचं पातेलं घासत होती. तिथनंच म्हणाली, "उंच पायजे ना? मग आमचा माड हाय की."

दिलीप हसला. "मावशी, माडावर डिश बांधायला कोण चढंल?"

"ह्यांना दुसरं काय येतंय?"

सगळे हसले. मी कुंपणापलीकडंच होतो, मला ऐकू आलं. घरी आल्यावर मी तिला बोललो. फळत्या झाडाला लोखंड बांधायचं, आणि मला विचारायचंसुद्धा नाही? ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "आपली मंगल सातवीनंतर घरात बसली. बोर्लीची शाळा लांब, म्हणून आपणच बसवली. तवा तुमच्या झाडाला किती नारळ लागले हुते, आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. मंगल आमची एकुलती एक लेक, आता उरणला असते, जावई न्हावा शेव्याला बंदरात कामाला. बरं चाललंय तिचं. पण पोर हुशार होती, आणि तेव्हा आमची शाळा सातवीपर्यंतच होती. शेवंतीनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, त्या दिवशी बोलली. दुसऱ्या दिवशी मी डिश पाठीला बांधून चढलो.

आता माडावर चढायचं म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पायात काथ्याचा फास, खोडाला खाचा, कमरेला आकडी आणि तिच्यात कोयता. खोडाला मिठी मारून चढायचं. खाली बघायचं नाही हे सगळ्यांना वाटतं तसं भीतीमुळं नाही. शेंड्यात शिरलं की चहूबाजूंनी झावळ्या असतात, खालचं काही दिसतच नाही. नारळाचा घड सोडला आणि खाली कोणाचं पोर आलं तर? म्हणून खाली एक माणूस लागतं. त्यानं वाट बघायची, येणाऱ्याला थांबवायचं, आणि वरच्याला आवाज द्यायचा. जोडीतलं ते अर्धं काम. शेवंती लग्न होऊन आली तेव्हापासनं माझ्या माडाखाली उभी राहिली. तिचा आवाज खाडीपल्याड जायचा. गावात कोणाच्या वाडीत नारळ पाडणं चाललंय ते तिच्या आवाजावरनं लोकांना कळायचं.

डिश लावायची पद्धतही तीच निघाली. डिश थोडी थोडी फिरवायची, आणि कुठं नेट लागतं ते खोलीत संगणकावर कळतं. बाई खोलीत, मी शेंड्यात, मधे खिडकीपाशी शेवंती. बाईंनी सांगायचं, तिनं वर ओरडायचं. पहिल्या दिवशी बाई स्वतःच बाहेर येऊन ओरडत होत्या, "काका, डावीकडं! आणखी डावीकडं!" मी खोडाला मिठी मारून बसलेला, माझं डावं म्हणजे त्यांचं उजवं. डिश पार समुद्राकडं तोंड करून बसली. शेवटी शेवंती म्हणाली, "बाई, तुम्ही आत जा. माणसाला असं सांगून कळत न्हाय." आणि वर ओरडली, "अवोऽ, जरा देवळाकडं! ... लय झालं, थोडं खाडीकडं! ... आता मशिदीकडं, बोटभर!" मग आतनं पोरांचा एकच गलका. शेवंतीचा आवाज आला, "आलंऽऽ!"

असं आमच्या शाळेत इंटरनेट आलं. देऊळ, खाडी आणि मशीद धरून.

मोहल्ल्यातला गफूर माझ्यासारखाच माडावर चढणारा, वयानं लहान, तोंडानं मोठा. अर्धा गाव त्याचा, अर्धा माझा. तो कुंपणाशी उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "नथ्या, बांधलीस खरी. पण माड डोलतो, ते इसरलास काय?"

विसरलोच होतो. सगळेच विसरले होते, दिलीपसुद्धा. तो टेकडीवरचा माणूस. दुपारी वारा सुटला आणि नेट आलं, गेलं, आलं, गेलं. बाई पोरांना एक चित्रफीत दाखवत होत्या, कसलातरी ज्वालामुखी. माड बोर्लीकडं कलला की ज्वालामुखी फुटायचा, माड समुद्राकडं गेला की थांबायचा. पोरं खिडकीतनं माडाकडं बघून आधीच ओरडायची, "आता येईल, आता येईल!" गफूर रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय नथूशेट, आज इंटरनेट झोपाळ्यावर बसलंय का?" बाईंनी नियमच केला. वारा पडेपर्यंत पाढे म्हणायचे. पुढं मी डिश शेंड्याखाली उतरवून खोडाच्या जाड भागाला बांधली, तिथं डोल कमी. पण मग झावळ्या वरनं तोंडावर लोंबायला लागल्या. म्हणजे डोल पाहिजे की झावळ्या, एवढंच ठरवायचं होतं. आम्ही झावळ्या घेतल्या. झावळी तोडता येते, वारा तोडता येत नाही.

एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण गावात ती अजून हसून सांगतात आणि प्रत्येक जण आपल्या पदरचं घालतो. आमच्याकडं दिवाळीच्या आधी घरातलं जे जे लोखंडी दिसेल त्याला चंदेरी रंग मारतात. फाटक, गज, रहाट, पाण्याची टाकी. नाहीतर खारं वारं सगळं खाऊन टाकतं. त्या वर्षी मी फाटकाला रंग मारला, डब्यात थोडा उरला. मनात आलं, डिश बिचारी वर उघड्यावर आहे. चढलो आणि तिला पुढूनमागून दोन हात मारले. झाडाखालनं चकाकत होती, चांदीच्या ताटासारखी. शेवंतीसुद्धा म्हणाली, "छान दिसते हो."

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, नेट नाही. दिलीप आला, संगणक उघडून बसला. वायर बदलली. टेकडीवरच्या मनोऱ्यावर जाऊन आला. मी डिश देवळाकडं, खाडीकडं, सगळीकडं फिरवून दमलो. कोणाला काही कळेना. शेवटी दिलीपनं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "काका, ही डिश अशी चमकते कशानं?"

मी अभिमानानं सांगितलं.

तो तिथंच मातीत बसला. म्हणाला, "अवो काका, तो रंग धातूचा असतो! तुम्ही तिच्या तोंडावर पत्रा मारलात पत्रा!" मला वाटलं आता शिव्या देणार. पण तो हसायला लागला, बाई हसायला लागल्या, आणि शेवंतीनं पदर तोंडाला लावला. मला काही हसू आलं नाही. मी वर चढून काचपेपरनं ती घासली, पण ती काही सुधारली नाही, नवी आणावी लागली. गफूर आठवडाभर मला "कल्हईवाले" म्हणून हाक मारत होता. एवढं मात्र मी अजून म्हणतो, की त्या डिशला गंज कधी चढला नाही.

आता खरं काम सांगतो. गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. कागद वर गेले, खाली आले, सर काही आले नाहीत. दहावीच्या पोरांना गणित शिकवायला माणूस नाही म्हटल्यावर लोक पोरं काढून बोर्लीला घालायला लागले. ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांच्या पोरी घरी बसायची वेळ आली. पोरं कमी झाली की शाळा बंद करायला वेळ लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मग बाईंनी आमच्याच गावच्या नीताला फोन केला. नीता मुंबईत कॉलेजात गणित शिकवते. ती म्हणाली, "माझं कॉलेज दुपारचं, त्याच्या आधी सकाळी शिकवीन, तुम्ही फक्त नेट चालू ठेवा." तेव्हापासनं रोज दहाला पडद्यावर नीता येते आणि पोरं गणित करतात. पोरं गळायची थांबली. गेलेल्यांपैकी काही परत आली. म्हणजे शाळा त्या नीतावर टिकली, नीता त्या डिशवर, आणि डिश माडावर. बाई म्हणायच्या, "काका, तुम्ही आमचे गणिताचे सर." मी म्हणायचो, "उगाच चढवू नका, मला पंधराच्या पुढं पाढे येत न्हाईत."

सगळंच चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी शाळेच्या कुंपणावर फोन घेऊन ओळीनं बसलेली मंडळी तुम्हीही पाहिली असतील. त्यात पोरंच नाहीत, माझ्या वयाचे म्हातारेसुद्धा आहेत. माड माझा, चढतो मी, आणि हे वर मान न करता नाचणाऱ्या बाया बघत बसतात. एकदा मी वरनं सुकी झावळी त्यांच्या पुढ्यात सोडली. मुद्दाम सोडली. शेवंती खालनं ओरडली, "अवो, माणसं हायत!" मी म्हटलं, "कुठं हायत?"

पण मला बोलायचं आहे ते दुसरंच. शेवंती खिडकीत उभी राहायची, त्यामुळं आत काय चाललंय ते तिला दिसायचं. खिचडी उतरवली की ती खिडकीशी जाऊन उभी. संध्याकाळी मला सांगायची. बर्फ पाहिला म्हणाली, माणसं त्याच्यावरनं घसरत होती. आपल्या गावाचं वरनं काढलेलं चित्र पाहिलं, आपली वाडी दिसली, विहीर दिसली, "तुमचा माड मातुर दिसला न्हाय, वरनं सगळे माड सारखेच." एकदा म्हणाली, "नीता समीकरण का काय शिकवते. दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या, एवढंच हाय ते. मला कळलं." मी म्हटलं, "तुला कळून काय करायचंय?" ती म्हणाली, "कळलं, बस."

मला ती बरेचदा म्हणायची, "एकदा आत येऊन बघा तरी. तुम्ही वर आणून बांधलंत, ते हाय कसं ते बघा." मी गेलो नाही. मी म्हणायचो, माझे पाय बघ, फरशीवर चालले तर ओरखडे उठतील. खरं कारण असं होतं, की शाळेच्या खोलीत शिरलं की मला अजून मास्तर आठवायचा आणि हाताचे तळवे हुळहुळायचे. म्हातारा झालो तरी. तिनं रोज संध्याकाळी सांगायचं आणि मी हूं हूं करायचं, असंच चाललं. मला वाटायचं ती सांगतेय तोवर मला बघायची काय गरज? आता सांगणारं कोणी नाही.

त्या सकाळी ती विहिरीवर गेली. कळशी भरली, उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मी अंगणात दोर गुंडाळत होतो, डिश सरळ करायला जायचं म्हणून. तिनं कळशी परत खाली का ठेवली म्हणून मी बघितलं, तर ती विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती. म्हणाली, "जरा थांबा." रिक्षा आणली, बोर्लीला नेलं. डॉक्टरांनी हात धरून बघितला आणि माझ्याकडं बघितलं. दुपारनंतर मंगल आणि जावई उरणहून आले, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो. गाव आला होता. शाळाही आली होती, सगळी, ओळीनं. त्या दिवशी गणित झालं नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

आमच्याकडं सुतकात फळत्या झाडाला हात लावत नाहीत. झाड विटाळतं म्हणतात. मी हे मानतो का? लहानपणापासून पाळत आलोय, कधी विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर बसलो होतो आणि शाळेची घंटा ऐकू आली. पोरं आली असणार, आणि त्या खोलीत पडदा काळा असणार. मनात म्हटलं, काय व्हायचं ते होवो, चढतो. उठलो तर चुलतभावानं धरून बसवलं. "नथू, लोक काय म्हणतील? अजून राख गार झाली न्हाय."

तेवढ्यात गफूर अंगणात आला. खांद्यावर त्याचा दोर. पायऱ्यांशीच थांबला. आम्ही एकमेकांच्या घरी कधी जात नव्हतो.

"नथूभाय," तो म्हणाला. नथ्या नाही, नथूशेट नाही. "तुला सुतक हाय. मला न्हाय. मी चढतो."

"तुला डिश लावता येते?"

"न्हाय येत. तू सांग."

"मी कुठनं सांगू?"

"भाभी सांगायची तिथनं."

चुलतभाऊ काही बोलणार होता. आतनं मंगल दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आबा, जा तुम्ही. आई बसून राहिली नसती."

मी शाळेच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. आत पोरं बसली होती. मोरेबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही कशाला आलात आज..." आणि संगणकापुढं जाऊन बसल्या.

गफूरनं माडाला हात लावून कपाळाला लावला आणि चढायला लागला. मी मान वर केली. आणि माझ्या लक्षात आलं, की या माडावर माणूस चढलेला मी कधी पाहिलाच नव्हता. चढणारा मीच. खालनं तो माड एवढा उंच आणि एवढा बारीक दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. खाच दवानं ओली होती, गफूरचा पाय एकदा निसटला, त्यानं खोडाला मिठी मारली आणि थांबला. त्याला काही झालं नाही. असं होतं, माझंही रोज व्हायचं, आणि वर असताना त्याचं काही वाटत नाही. दुसरी खाच धरायची आणि पुढं जायचं. पण खाली उभा राहून मी खिडकीचा गज घट्ट धरला. वारा सुटला. शेंडा डोलला, त्याच्याबरोबर माणूस डोलला. मला वाटलं, बास, ये खाली, नको ते गणित.

आणि ही बाई जन्मभर इथं उभी राहिली. एवढी वर्षं, प्रत्येक माडाखाली, आणि वर माझ्याशी हसून बोलायची.

"नथूभायऽ, सांग की!" गफूर वरनं ओरडला.

खाकरलो. म्हटलं, "देवळाकडं." ते मलाच ऐकू आलं, फक्त. पुन्हा जोर केला. "देवळाकडंऽ! ... आणखी! ... आता खाडीकडं, थोडं... लय झालं, मागं ये!" बाई आतनं सांगत होत्या, मी ओरडत होतो. आवाज फाटला होता, पण पोचत होता. मशिदीकडं बोटभर फिरवली आणि आतनं बाई म्हणाल्या, "काका, आलं."

"आलंऽऽ!"

शेवंती 'आलं' म्हणाली की त्याच दमात ओरडायची, "उतरा आता!" मला त्याचा राग यायचा. वर वारा गार असतो, समुद्रावर बोटी दिसतात, काम झाल्यावर माणूस जरा थांबतो. मी म्हणायचो, हिला कसली एवढी घाई? घरात कामं पडली असतील. मुद्दाम मी आणखी थोडा वेळ वर बसायचो.

गफूरही थांबला होता. एक हात डोळ्यांवर धरून समुद्राकडं बघत होता.

"गफूरऽ!" मी ओरडलो. "उतर आता!"

"उतरतो रे, घाई कसली?"

"उतर म्हणतो ना!"

तो उतरायला लागला. खिडकीतनं नीताचा आवाज येत होता, कालचं राहिलेलं उदाहरण आधी घेऊ म्हणत होती. पोरांनी वह्या उघडल्या. मी आत बघितलं नाही. गफूरचे दोन्ही पाय मातीला लागेपर्यंत मी मान खाली केली नाही.